ड्यूकचा उजवा कान

मिथुन ठाकूर खोटं बोलत नसे, खऱ्याला फक्त थोडी हवा भरत असे. पेणच्या खाडीकडच्या गावात त्याच्या आजोबांचं मिठागर होतं, म्हणजे आजोबा तिथे मजुरीला होते. मिठागरावर सात कुत्रे पाळले होते, म्हणजे ते आपापले आले आणि आपापले गेले. त्यामुळे ज्येष्ठातल्या एका दुपारी सबनीस साहेबांनी कंपनीच्या स्टोअरच्या खिडकीत वाकून, "इथे कुणाला कुत्र्यातलं काही कळतं का?" असं विचारलं, तेव्हा मिथुनने हातातलं पावतीपुस्तक खाली ठेवलं आणि छाती काढून सांगितलं, "साहेब, आमच्या तीन पिढ्या कुत्र्यांत गेल्या."

मागे ड्रमवर नंबर टाकत बसलेल्या निकेशने मान वर करून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा नंबर टाकायला घेतले. निकेश स्टोअरमधला दुसरा माणूस. कमी बोलायचा, म्हणून मिथुन त्याला बावळट समजायचा.

सबनीस साहेब रोह्याजवळच्या धाटावमधल्या त्या केमिकल कंपनीचे प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांनी डोबरमॅनचं पिल्लू घेतलं होतं. पुण्यात कुणाकडून तरी त्याचे कान कापून टोकदार करून आणले होते. कापले म्हणजे झालं नाही. तीन महिने ते काड्यांना पट्टी गुंडाळून उभे बांधून ठेवायचे, दर पाच दिवसांनी पट्टी बदलायची, तेव्हा कुठे कान उभे राहायला शिकतात. आणि साहेब तर कंपनीच्या कामासाठी दहा आठवडे जर्मनीला निघालेले. मॅडम पुण्यात, आणि त्यांना कुत्र्याचा फोटो बघूनही शिंका यायच्या.

"कान उभे राहिले पाहिजेत, मिथुन," साहेब म्हणाले. "कान पडलेला डोबरमॅन म्हणजे बिनइस्त्रीचा सूट. आणि हो, तुझा परमनंटचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. आलो की बघतो."

त्या शेवटच्या वाक्यानंतर मिथुनने हत्तीचं पिल्लूही घरी नेलं असतं. अकरा वर्षं तो कंत्राटी होता. दर अकरा महिन्यांनी कंपनी त्याचा गेटपास काढून घ्यायची, आठ दिवस घरी बसवायची आणि नवा माणूस म्हणून परत घ्यायची. अकरा वर्षांत मिथुन त्याच स्टोअरमध्ये, त्याच खुर्चीवर बारा वेळा नव्याने कामाला लागला होता. दर वेळी त्याला आग लागल्यावर कुठल्या दाराने पळायचं ते पहिल्यापासून शिकवायचे.

घरी त्याची बायको सगुणा शिलाई मशीनवर ब्लाउजच्या बाह्या जोडत होती. मिथुनने खोकं खाली ठेवलं. त्यातून काळं, लांब तंगड्यांचं पिल्लू बाहेर पडलं. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन नळ्या उभ्या आणि मध्ये एक आडवी पट्टी. जुन्या टीव्हीचा अँटेना चालायला लागल्यासारखं दिसत होतं.

"ड्यूक," मिथुन म्हणाला.

"डुक्कर?"

"ड्यूक गो. विंग्रजी नाव हाय. सरदार असतो ना तसा."

सरदाराने तेवढ्यात मशीनच्या पायाशी ओलं केलं. सगुणा फडकं घेऊन आली, पण पुसायच्या आधी पिल्लाचं डोकं हातात धरून बघत बसली. "कानाला काय झालंय याच्या?"

"कापलेत."

"कशापायी?"

"उभे रहावे म्हनून. जन्मतः लोंबते असतात यांचे."

"देवानं लोंबते दिले तर साहेबाला काय तरास?"

"तरास नाय, आवड हाय. आनी आपला अर्ज त्याच्या टेबलावर हाय."

सगुणाने पिल्लाचं डोकं सोडलं. दवाखान्याचं कार्ड, ठरलेली शिफ्ट, आणि दरवर्षी त्या आठ दिवसांत शेजाऱ्यांना 'बरं नाय त्यांना' असं सांगायची वेळ न येणं, एवढं सगळं त्या अर्जात होतं. तिने फरशी पुसली आणि पिल्लाला तांदळाच्या भाकरीचा तुकडा दिला. त्या दिवसापासून ती त्याला डुक्या म्हणू लागली.

पहिली पट्टी बदलायचा दिवस आला. मिथुनने फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातला गोरा माणूस गाणं गुणगुणत दोन मिनिटांत दोन्ही कान बांधून मोकळा झाला. मिथुनला सव्वा तास लागला. त्यात त्याचा अंगठा दोनदा चावला गेला आणि एक काडी त्याच्या स्वतःच्या बाहीला चिकटली. बाहेर पावसाने आठ दिवस उघडीप दिली नव्हती, घरात भिंतीसुद्धा घामेजल्या होत्या. त्या ओलीत औषधाच्या दुकानातली पट्टी अर्ध्या तासात सुटून पिल्लाच्या नाकावर लोंबायला लागली. मग मिथुनने स्टोअरमधून पॅकिंगची खाकी टेप आणली. ती चिकटली. पण तिच्यावर लाल अक्षरांत हातभर अंतराने 'काच – सांभाळून हाताळा' असं छापलेलं होतं. आठवडाभर ड्यूक दोन्ही कानांवर ही सूचना घेऊन चाळीत फिरला, आणि माणसं खरंच बाजूला व्हायची.

ती टेप काढताना पिल्लू असं केकाटलं की सगुणाने मशीन थांबवली. "सरा तिकडं," ती म्हणाली. तिने शर्टाच्या कॉलरीत घालतात ते बकरम काढलं, कानाच्या मापाचे दोन तुकडे कापले, कडा मऊ कापडाने मढवल्या आणि पिल्लाला मांडीवर घेऊन, त्याच्याशी काहीबाही बोलत, ते आत बसवले. ड्यूकने जांभई दिली. हे त्या गोऱ्या माणसालाही जमलं नव्हतं.

चौथ्या पट्टीनंतर डावा कान उभा राहिला. ताठ, टोकदार, नव्या पेन्सिलीसारखा. मिथुनने शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. उजवा कान मात्र पट्टी सोडली की अर्ध्यातून मुडपायचा आणि कपाळावर आडवा पडायचा. चोवीस तास कुणाला तरी सलाम ठोकत असल्यासारखं ते पिल्लू दिसायचं.

आणि दर रविवारी अकरा वाजता साहेबांचा व्हिडिओ कॉल यायचा.

पहिले काही रविवार कानांवर पट्ट्या होत्या, त्यामुळे निभावलं. मग साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी पट्टी काढून दाखव." मिथुनने शनिवारी पूर्ण दिवस विचार केला आणि ब्लाउज शिवायचा काळा दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक हलक्या चिकटपट्टीने उजव्या कानाच्या शेंड्याला, मधला दोरा पडद्याच्या दांडीवरून, आणि दुसरं टोक पडद्यामागे उभ्या असलेल्या सगुणाच्या हातात.

"मला हे पटत नाय," सगुणा पडद्यामागून म्हणाली.

"दोनच मिनिटं गो. मी खोकलो की वढ."

कॉल लागला. साहेब दिसले, मागे बर्फासारखी पांढरी भिंत. मिथुन खोकला. कान वर गेला. साहेब खूश झाले. पण ड्यूकला फोनमधला आवाज ओळखीचा वाटला असावा, तो खुर्चीवरून पुढे झुकला, सगुणाला वाटलं कान पडला, तिने आणखी ओढला.

"अरे, उजवा डाव्यापेक्षा उंच कसा?" साहेबांनी विचारलं.

"वाढतोय, साहेब."

"तिरपा दिसतोय."

"वारा हाय, साहेब."

घरात. दारं बंद. पण साहेब हसले आणि म्हणाले, "छान. पुण्यातल्या डॉग शोला नाव देऊन ठेवतो. आलो की उतरवतो त्याला." फोन बंद झाला. सगुणा पडद्यामागून बाहेर आली, तिने आधी कानावरची चिकटपट्टी हलकेच काढली आणि मग मिथुनकडे बघितलं. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली.

डॉग शो म्हटल्यावर दोऱ्याने भागणार नव्हतं. मिथुनला सगुणाच्या धाकट्या भावाची आठवण झाली. हिरामण पेणला गणपतीच्या कारखान्यात साच्याचं काम करायचा. मिथुनने ड्यूकला कापडी पिशवीत घातलं, पिशवी सगुणाच्या मांडीवर, सगुणा मोटरसायकलवर मागे, आणि नागोठण्यावरून चिखल उडवत तिघं पेणला पोचले.

हिरामणने कान दोन बोटांत धरून बघितला. "दाजी, माझं आयुष्य कान करन्यात गेलं. सुपाएवढे करतो मी. ह्यो तर पिंपळाच्या पानाएवढा."

"तुझे पसरायचे असतात. ह्यो उभा करायचाय."

"कान तो कान. ताय, धर त्याला."

त्याने काथ्याचे बारीक धागे प्लास्टरात बुडवले आणि कानाच्या पट्टीवर पातळ लेप दिला. "धा मिनिटं हलू देऊ नको. दगड व्हतोय बघ."

प्लास्टर सुकताना तापतं, हे हिरामणला माहीत होतं. पण मूर्ती कधी तक्रार करत नाहीत, म्हणून ते सांगायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. सातव्या मिनिटाला ड्यूक सगुणाच्या मांडीवरून उडाला. डोक्यावर पांढरं शिंग घेऊन तो फळ्यांखालून धावला आणि कोपऱ्यातल्या एका फळीचा टेकू त्याने पाडला. फळीवर गणपतीपुढे बसवायचे उंदीर वाळत ठेवलेले होते. बासष्ट उंदीर. ते ओल्या गोणपाटांवर पडले म्हणून वाचले. कान तेवढे गेले. सगळ्यांचे.

डोळे रंगवणाऱ्या बायांनी ब्रश खाली ठेवले. हिरामणने एक उंदीर उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि जागेवर ठेवला.

"दाजी," तो अगदी शांतपणे म्हणाला, "बसा."

मिथुन बसला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्याने मातीच्या गोळ्या चपट्या केल्या आणि बासष्ट उंदरांना एकशे चोवीस कान लावले. बाया रंगवता रंगवता पदरात हसत होत्या. सगळ्यात कडू गोष्ट ही की ते एकशे चोवीसही कान पहिल्या फटक्यात उभे राहिले.

प्लास्टर चौथ्या दिवशी फोडावं लागलं, कारण ड्यूकने भाकरी खाणं सोडलं. मान एका बाजूला कलती धरून तो मशीनखाली पडून राहायचा आणि जवळ गेलं की वास यायचा. रोह्याच्या डॉक्टरांकडे साहेबांचं येणं-जाणं होतं, म्हणून मिथुन त्याला पुन्हा पेणलाच घेऊन गेला, डॉक्टर मृणाली घरत यांच्याकडे.

डॉक्टरांनी कात्रीने एकेक थर काढला. पट्टी, काथ्या, बकरम, पट्टी. "हे काय, थरांची बिर्याणी आहे का?" त्या म्हणाल्या. शेवटचा थर निघाला तेव्हा त्यांनी कात्री थांबवली. कान सुजून लाल झाला होता, आतून पू आला होता. ड्यूक ओरडला नाही. कात्री धरलेला हात चाटत राहिला.

मिथुनने तो कान आठ आठवडे बघितला होता, पण उभा की पडलेला एवढंच. आज त्याला पहिल्यांदा कापलेली कड दिसली. टाक्यांचे बारीक व्रण, एकामागे एक, सगुणाने कच्ची शिवण घातल्यासारखे.

"हे कान कुणी कापले? हे कायद्यात बसत नाही, ठाऊक आहे?"

"मी नाय कापले. साहेबांनी."

"आणि बांधले कुणी?"

मिथुनने पायांकडे बघितलं.

"आतला कणा मोडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आता हा कधीच उभा राहणार नाही. पुन्हा काही गुंडाळलंत तर मी स्वतः तक्रार करेन."

"डॉक्टर, माझी नोकरी हाय त्या कानावर."

डॉक्टर हात धूत होत्या. नळ बंद करून त्यांनी वळून बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे हो," आणि मलमाची ट्यूब त्याच्या हातात दिली.

दोन आठवड्यांत जखम भरली. साहेबांना मिथुनने फोनचा कॅमेरा फुटल्याचं कळवलं. गौरी-गणपती झाले, साहेब परतले, आणि शनिवारी सकाळी ड्यूकला घेऊन बंगल्यावर ये असा निरोप आला. सगुणाने शर्टाला इस्त्री केली. मिथुनने तिच्यापुढे चार वेळा म्हणून दाखवलं: "साहेब, मी जिवापाड केलं, पन उजव्याचा कणाच कच्चा व्हता."

"खरं सांगा सगळं," सगुणा म्हणाली. "दोऱ्याचं पन."

"दोऱ्याचं कशाला?"

"मला लाज वाटते म्हनून."

बंगल्यात बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि साहेब फोनचा चार्जर शोधत होते. ड्यूकने त्यांचे बूट हुंगले आणि तो मिथुनच्या पायांमागे येऊन उभा राहिला, डावा कान ताठ, उजवा कपाळावर. साहेबांनी एकदा खाली बघितलं.

"साहेब," मिथुनने सुरुवात केली, "मी जिवापाड–"

"हां, तो उजवा. मला अंदाज होताच. व्हिडिओत दोरा दिसत होता."

मिथुनने पाठ केलेलं वाक्य सोडून दिलं. "दिसत व्हता?"

"स्वच्छ. पडद्याखाली वहिनींचे पायपण दिसत होते. मी रेकॉर्ड करून ठेवलं ना ते. तिथल्या लोकांना दाखवलं, फार हसले सगळे. 'वारा आहे साहेब' याचं भाषांतर करून सांगितलं मी त्यांना." साहेब आठवून पुन्हा हसले. "जाऊ दे. हा तू ठेव. बक्षीस समज."

मिथुनने जे विचारायला तो आला होता ते विचारलं. "साहेब, अर्जाचं माझ्या?"

"अर्ज... अरे, एकच जागा होती. निकेशची केली मंजूर, तिथूनच मेल टाकला. त्याला मी आठवड्यातून एकदा गाडी चालू करून ठेवायला सांगितलं होतं. काल आलो, चावी फिरवली, पहिल्या सेल्फला सुरू झाली. दिलेलं काम चोख."

दहा आठवडे निकेश दर आठवड्याला बंगल्यावर येऊन चावी फिरवत होता आणि स्टोअरमध्ये एका शब्दाने बोलला नव्हता. गाडीला कान नव्हते, एवढंच त्याचं नशीब.

"तुझंही होईल पुढच्या वेळी," साहेब म्हणाले आणि त्यांनी सोफ्यामागून एक टोपली पुढे सरकवली. टोपलीत दुसरं काळं पिल्लू झोपलं होतं. डोक्यावर ताज्या पांढऱ्या पट्ट्या, एका पट्टीवर रक्ताचा वाटाण्याएवढा डाग. "या वेळी चांगल्या माणसाकडून घेतलं. तुला आता अनुभव झालाय. तीन महिने ठेव."

मिथुन त्या डागाकडे बघत राहिला. मग अकरा वर्षांत जो शब्द त्याने कंपनीच्या कुठल्याही माणसापुढे काढला नव्हता तो त्याच्या तोंडून निघाला. "नाय जमनार, साहेब."

तो वाट बघत उभा राहिला. आता साहेब ओरडतील, गेटपास मागतील, काहीतरी होईल. आणि आतून त्याला फार बरं वाटत होतं.

"बरं," साहेब म्हणाले, "निकेशला सांगतो." आणि ते पुन्हा चार्जर शोधू लागले.

घरी आल्यावर मिथुनने हे सगुणाला सांगितलं, थोडी हवा भरून. तोंडावर कसं सांगितलं, आवाज कसा चढला. सगुणाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग साहेब काय बोलला?"

"काय बोलनार? चार्जर शोधत व्हता."

सगुणाने मान हलवली. मशीनवर बसली आणि पाय मारू लागली. मिथुनला बऱ्याच वेळाने दिसलं की सुईत दोरा नव्हता. कापडावर वीतभर नुसत्या भोकांची रांग पडत चालली होती. ड्यूक तिच्या पायाशी जाऊन पडला तेव्हा तिने मशीन थांबवून त्याचा पडलेला कान पाठीमागे सारला. तो पुन्हा कपाळावर आला. तिने पुन्हा सारला.

सोमवारी निकेश स्टोअरमध्ये आला तो नवं ओळखपत्र शर्टाच्या खिशात लपवून. परमनंटचं असतं ते, निळ्या पट्टीचं. पण पट्टी खिशाबाहेर लोंबत होती. दिवसभर तो ड्रममागून बाहेर आला नाही. मिथुनही त्याच्याशी बोलला नाही. बोलायचं नाही असं त्याने घरूनच ठरवून आणलं होतं. सुटी व्हायच्या आधी निकेश खिडकीशी आला.

"दादा, टेप कुठली लावायची?"

"मला काय ठाऊक."

"रविवारी दोनदा लावली, दोनदा सुटली. पिल्लू रडतंय निसतं. तुमच्याएवढं कोन जानतंय, दादा?"

मिथुनने रजिस्टरात डोकं घातलं. त्याला डॉक्टरांचा नळ आठवला, टाक्यांची ती रांग आठवली. सांगायचं तर एकच होतं: काही लावू नको, सोडून टाक पट्ट्या, लोंबू देत. ते अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या कंपनीत अकरा वर्षांत त्याला कुणी असा सल्ला विचारला नव्हता. आत्ता पहिल्यांदा एका परमनंट माणसाने विचारलं होतं, तेही हात बांधून.

"आधी कान पुसून कोरडा करायचा," त्याने रजिस्टर मिटत म्हटलं. "खाकी टेप अजिबात नाय. कॉलरीतलं बकरम घ्यायचं, कडेला मऊ कापड. आनी प्लास्टर कोनी सांगितलं तर त्याला कारखान्यातच बसवून ठेवायचं."

तो अर्धा तास बोलला. निकेशने सगळं पावतीच्या मागे लिहून घेतलं, मग कागदाकडे बघून म्हणाला, "हे मला नाय जमायचं, दादा. रविवारी तुमीच येऊन लावून द्याल का?"

मिथुनने इकडेतिकडे बघितलं. स्टोअरमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"घरी आमच्या बोलू नको," तो म्हणाला. "किती वाजता येऊ?"